घरात आलेली वेल



पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून एक फेरी मारली, की एक गोष्ट नजरेला पडते. दुकानाच्या गल्ल्यामागे, दवाखान्याच्या खिडकीत, शाळेच्या कचेरीत कपाटावर एक काचेची बाटली असते. बाटलीत पाणी, आणि तिच्या तोंडातून खाली लोंबणारी हिरवी-पिवळी वेल. तिला सगळे ‘मनी प्लांट’ म्हणतात. मराठी नाव कोणी ठेवले नाही आणि कोणाचे त्यावाचून अडलेही नाही. पण घरातल्या एखाद्या म्हातारीला विचारावे, “आजी, तुमच्या लहानपणी ही वेल होती का हो?” ती म्हणेल, “छे बाबा! वेल कधी घरात असते व्हय? वेल असते मांडवावर.”

आजीचे हे उत्तर इतिहासाला धरून आहे. आपल्या मुलखात वेलींची कमतरता कधीच नव्हती. दोडका, घोसाळे, कारले, दुधी भोपळा हे परसातल्या मांडवावर नाहीतर सरळ छपरावर चढत. दाराशी जाई-जुई, कुंपणाला गोकर्ण, कडुनिंबावर गुळवेल. ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध अभंगातला मोगराही दाराशीच आहे, आत नाही. नेवासे आपल्यापासून काही फार लांब नाही. श्रीमंतांचीही तीच तऱ्हा. नगरच्या निजामशहांनी सोळाव्या शतकात फराहबागेचा महाल बांधला, तो तलावाच्या मधोमध. डोंगराकडून खापरी नळांनी पाणी आणून त्यांनी बागा फुलवल्या. पण त्या बागाही महालाभोवती होत्या. महालाच्या खोलीत झाड ठेवावे, ही कल्पना कोणाला सुचली नसावी.

याला कारण होते. आपली जुनी घरे दगडामातीच्या जाड भिंतींची, वर धाब्याची. उन्हाळ्यात आत गारवा राहावा म्हणून खिडक्या लहान, त्याही उंचावर. उजेड यायचा तो दारातून आणि छपराच्या झरोक्यातून. माणसाला अशा घरात बरे वाटते, पण झाडाचा जेवणाचा डबा म्हणजे उजेड. तो नाही म्हटल्यावर झाड आत कशाला राहील? शिवाय घराला अंगण होते, परस होते. झाड आत आणण्याची गरज तेव्हा पडते, जेव्हा अंगण जाते.

घरात वेलीचे काही येत असेल तर ते विड्याचे पान. त्या पानाच्या वेलीची, म्हणजे नागवेलीची, थोडी हकिगत सांगायला हवी; कारण मनी प्लांट सांभाळायची सारी विद्या आपल्याकडे तिच्या रूपाने आधीपासून होती. मिरज तालुक्यातले आरग, बेडग, नरवाड, विदर्भातले रामटेक आणि अंजनगाव सुर्जी ही पानमळ्यांची नावाजलेली ठिकाणे. पानमळा लावणारा माणूस आधी शेवरी, हादगा, पांगारा अशी झाडे वाढवतो. ती वेलीला आधारही देतात आणि सावलीही. नागवेलीला उघडे ऊन सोसत नाही आणि मुळाशी पाणी साचलेलेही सोसत नाही. पाणी थोडे आणि वारंवार द्यायचे. साचले की मर लागते आणि पाहता पाहता मळा बसतो. वेल फार उंच गेली की ती खाली उतरवायची, तिचे वेटोळे करून मातीत दाबायचे आणि शेंडा पुन्हा आधाराला बांधायचा. दाबलेल्या प्रत्येक पेराला नवी मुळे फुटतात आणि म्हातारी वेल पुन्हा तरुण होते. नवी लागवड बियांनी करीत नाहीत, वेलीच्या तुकड्यांनी करतात. पानमळ्यात पायताण घालून जायचे नाही, असा दंडक पुष्कळ ठिकाणी होता. त्याला धर्माचे रूप दिले गेले खरे. पण बाहेरच्या चिखलातून रोग आत येऊ नये, एवढे शहाणपण त्यात नक्कीच होते.

पेर मातीत दाबा, छायेत ठेवा, पाणी साचू देऊ नका. एवढे तीन शब्द पानमळेवाल्याकडून उचलले, की मनी प्लांटची निम्मी निगा झाली. आता ही पाहुणी आली कुठून ते पाहू.

लंडन शहरात नॅथानिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना वनस्पतींचा मोठा नाद. पण लंडनच्या दगडी कोळशाच्या धुरात त्यांच्या अंगणातली नेचे जगेनात. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत घालून, ती माती रुंद तोंडाच्या बाटलीत भरून झाकण लावले. पतंग केव्हा बाहेर पडतो ते त्यांना पाहायचे होते. काही दिवसांनी पाहतात तो मातीतून एक नेचा आणि एक गवताची काडी उगवलेली! बाटलीतले पाणी दिवसा वाफ होऊन काचेला लागे आणि पुन्हा ओघळून मातीत जाई. बाहेरून पाण्याचा थेंब न घालता ती रोपे तीन-चार वर्षे जगली. वॉर्ड यांनी यावरून काचेच्या बंद पेट्या तयार करवल्या. १८३३ साली अशा दोन पेट्या रोपे भरून जहाजाने ऑस्ट्रेलियात सिडनीला पाठवल्या. महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात रोपे जगली, आणि परतीच्या प्रवासात तिकडची रोपे भरून पाठवली तीही लंडनला जिवंत पोहोचली. १८४२ साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले.

ही गोष्ट वरवर खेळासारखी वाटते. पण जगाच्या शेतीचा नकाशा तिने बदलला. त्यापूर्वी जहाजावरून रोपे न्यायची म्हणजे खारे वारे, खारे तुषार आणि पिण्याच्या पाण्याची टंचाई. खलाशांनाच पाणी मोजून मिळे, तेथे झाडाला कोण देतो? बहुतेक रोपे वाटेतच मरत. काचेची पेटी आली आणि रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माणसाने १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांकडे आणली. हिवतापावरच्या कोयनेलचे सिंकोना झाडही अशाच पेट्यांतून दक्षिण अमेरिकेबाहेर पडले. चीनचा चहा, पेरूचे औषध, सगळे इंग्रजांच्या मळ्यांत गेले आणि ज्यांच्या देशची ती झाडे होती त्यांना कोणी विचारले नाही, हेही शिक्षकबंधूंनी मुलांना सांगायला हरकत नाही. १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, आणि बैठकीच्या खोलीत झाडे ठेवण्याची हौस मध्यमवर्गात पसरली. घरातल्या वेलीचा जन्म तो असा, धुराने बाहेरचे अंगण नासले त्या शहरात झाला.

आपल्याकडेही त्या काळात सरकारी बागा निघाल्या होत्या. पुण्याजवळ दापोडीला १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी वनस्पतींची बाग सुरू केली. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिची देखरेख करीत. त्यांनी १८४७ ते १८५० या वर्षांत बागेतल्या झाडांची सुंदर रंगीत चित्रे काढवून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या बागेत जपून ठेवली आहेत. चित्रे काढणारा इथलाच एक कलावंत होता. साहेबाचे नाव राहिले, चित्रकाराचे कोणी लिहून ठेवले नाही. पुढे १८६२ साली मुंबईत भायखळ्याची राणीची बाग लोकांसाठी उघडली, पुण्यात एम्प्रेस गार्डन उभे राहिले. परदेशी शोभेची झाडे आधी अशा बागांतून, मग साहेबांच्या बंगल्यांच्या व्हरांड्यांतून, मग वकील-डॉक्टरांच्या घरांतून आणि शेवटी चाळींच्या खिडक्यांतून, अशी पायरीपायरीने खाली आली.

मनी प्लांट हे मूळचे प्रशांत महासागरातले. ताहिती बेटाशेजारी मोरेआ नावाचे एक लहानसे बेट आहे, ते त्याचे माहेर. १८८० साली युरोपात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन छापले गेले आणि त्याला ‘पोथॉस ऑरियस’ नाव मिळाले. ‘पोथॉस’ हा शब्द सिंहली भाषेतला आहे. त्या नावाची एक खरी वेल सिंहलद्वीपात आणि आपल्या सह्याद्रीच्या ओल्या जंगलातही झाडांवर चढते. म्हणजे पाहुणी मोरेआची, आणि नाव मिळाले आपल्या शेजाऱ्याचे.

पण नावाचा घोळ पुढे चालूच राहिला. त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. झाडाची जात फुलावरून ठरते, आणि ही वेल फुलतच नाही. शास्त्रज्ञ पानांवरून अंदाज करीत राहिले. १९६२ साली एकदा फूल दिसले, तेव्हा १९६३ मध्ये नवे नाव दिले गेले; आणखी तपास झाल्यावर १९६४ मध्ये आजचे नाव ठरले, ‘एपिप्रेम्नम ऑरियम’. त्यानंतर आपणहून फूल आल्याची नोंद झालेली नाही. २०१६ साली संशोधकांनी कारण शोधले. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य ही वेल स्वतःच्या अंगात तयार करू शकत नाही. ते तयार करणाऱ्या जनुकातच बिघाड आहे. बाहेरून ते द्रव्य दिले तेव्हा तिला फुले आली.

याचा अर्थ लक्षात घ्या. फूल नाही म्हणजे बी नाही. पाथर्डीत, पुण्यात, सिंगापुरात, न्यूयॉर्कमध्ये घराघरांतून लोंबणारी ही वेल बहुतेक सगळी तुकड्याचा तुकडा, त्याचा पुन्हा तुकडा, अशीच पसरली. वाऱ्याने नाही, पाखराने नाही. माणसाने हातोहात दिली म्हणून. आपल्याकडे समज आहे, की मनी प्लांट विकत आणू नये, दुसऱ्याच्या घरून चोरून आणावा, म्हणजे पैसा येतो. पैसा कोणाच्या घरी आला ते ज्याचे त्याला ठाऊक. पण जिला बी नाही तिला पसरवण्यासाठी याहून नामी युक्ती कोणाला सुचली असती? शेजारीणही रागावत नाही, कारण तुकडा कापला की तिची वेल उलट अधिक फुटते.

आता निगेचे बोलू. चार-सहा बोटे लांबीचा तुकडा घ्यावा; त्याला निदान एक पेर असलेच पाहिजे. पेराशी तपकिरी टोक दिसते, तेच पुढचे मूळ. पेर नसलेले नुसते पान पाण्यात महिनाभर टवटवीत राहील, पण वेल होणार नाही. मातीत लावायचे तर आपली काळी माती नुसती वापरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. निम्मी माती, बाकी वाळू किंवा बारीक मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. डब्याच्या बुडाला भोके पाडावीत. बोट पेरभर मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. पाने पिवळी पडू लागली की आपण पाणी वाढवतो, आणि बहुतेक वेळा ती पाणी जास्त झाल्यानेच पिवळी पडलेली असतात. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्याची पांढरी पापुद्री मातीवर दिसते. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी धरून ठेवता आले तर वेल त्यावर खूष असते.

जागा खिडकीजवळची, पण दुपारचे ऊन अंगावर न येणारी. पानावरचे पिवळे पट्टे पुसट होऊन पान नुसते हिरवे होऊ लागले, तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे. पिवळ्या भागात हरितद्रव्य नसते, ते अन्न करीत नाही. अंधारात वेलीला तो थाट परवडत नाही. आणखी एक. खाली लोंबणाऱ्या वेलीची पाने लहान राहतात. तीच वेल वर चढवली तर पान मोठे होत जाते, आणि उष्ण ओलसर मुलखात मोठ्या झाडावर चढलेल्या वेलीचे पान हातभर लांब, कडेने फाटलेले असते. घरी एखाद्या काठीला काथ्या गुंडाळून ती ओली ठेवली आणि वेल तिला बांधली, तर हा फरक मुलांना चार-सहा महिन्यांत दाखवता येतो.

पाथर्डी तालुका अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ इथल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहे, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे त्यानंतरही राहिली. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कितीतरी कुटुंबे घर सोडतात, ती उन्हाळ्यात परततात. मागे म्हातारी माणसे आणि लहान मुले. अशा ठिकाणी ‘घरात शोभेची झाडे लावा’ असे सांगणे म्हणजे पोट भरलेल्यांचा उपदेश वाटेल. पण या वेलीला आठवड्याला तांब्या-दोन तांबे पाणी पुरते, तेही भांडी विसळलेले, साबण नसलेले चालते. म्हणूनच ती इथे टिकली. गुलाबाने अशा घरात केव्हाच मान टाकली असती.

आता तीन गोष्टी जरा निक्षून सांगतो.

पहिली विषाची. मनी प्लांट दिसायला विड्याच्या पानासारखे, पण त्याचे गोत्र नागवेलीचे नाही. नागवेल ही मिरीची बहीण. मनी प्लांट हे अळू आणि सुरणाच्या कुळातले. अळू खाजते म्हणून आपण चिंच घालून शिजवतो. तीच सुईसारखी स्फटिके या पानात आहेत. लहान मुलाने पान चावले तर तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजते, लाळ गळते. शेळीच्या तोंडालाही ते लागू देऊ नये. नागवेलीचे पान चुरगळले की तिखट वास येतो आणि त्याच्या ठळक शिरा देठाजवळून पसरतात. मनी प्लांटच्या पानाला तसा वास नाही, शिरा मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना जातात. मुलांना हा फरक दोन्ही पाने समोर ठेवून दाखवावा. चुकून चावलेच तर तोंड पाण्याने धुवावे आणि सूज वाढली, श्वासाला किंवा गिळायला त्रास वाटला तर तडक दवाखाना गाठावा.

दुसरी डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात, घरातल्याच भांड्यांत अंडी घालतो. मनी प्लांटची बाटली त्याला फार आवडते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पाणी आठवड्यातून एकदा बदललेच पाहिजे. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी काचेला आतून, पाण्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. बाटली आतून घासावी, मुळेही धुवावीत. हे जमत नसेल तर बाटली सोडावी आणि वेल मातीत लावावी. बाटलीपेक्षा माती बरी, असे माझे मत आहे. दिसायला कमी सुबक, पण रोगराई कमी.

तिसरी गोष्ट हवेची. ‘मनी प्लांट घरातली हवा शुद्ध करते’ हे वाक्य आता शाळेच्या फळ्यावरही लिहिलेले असते. त्याचे मूळ १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने केलेल्या प्रयोगात आहे. पण तो प्रयोग लहान बंद पेटीत केलेला होता, आपल्या दारे-खिडक्यांच्या घरात नव्हे. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचे आकडे दोन अमेरिकी संशोधकांनी एकत्र तपासले. त्यांच्या हिशेबाने, साध्या वायुवीजनाने जेवढी हवा शुद्ध होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत कमीत कमी नव्वद-पंच्याण्णव कुंड्या! मग माणसांनी बसायचे कुठे? चुलीच्या धुराने डोळे चोळणाऱ्या माउलीला बाटलीतल्या वेलीचा भरवसा देऊ नये. तिला खिडकी हवी, धुराडे हवे, गॅस परवडायला हवा. वेल ठेवायची ती डोळ्यांना बरी वाटते म्हणून. एवढे कारण पुरे आहे.

जाता जाता शिक्षकांसाठी एक प्रयोग. डॉ. वॉर्ड यांची बाटली कोणत्याही शाळेला करता येते. लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. तळाशी दोन बोटे वाळू, वर तीन-चार बोटे ओलसर माती घाला. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतपतच ओल असावी. त्यात पेर असलेला एक लहान तुकडा लावा, झाकण घट्ट बसवा आणि बरणी उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवा. उन्हात ठेवली तर आत रोप अक्षरशः उकडून निघेल. सकाळी काचेवर थेंब जमतील आणि ओघळून मातीत उतरतील. बाष्पीभवन आणि पाऊस मुलांना वर्गात बसून दिसेल. लावल्याची तारीख कागदावर लिहून बरणीला डकवा. काच फारच धुरकट झाली तर तासभर झाकण काढून ओल कमी करावी; नाहीतर झाकणाला हात लावू नये, आणि पाणी तर मुळीच घालू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद राहील तेव्हाही बरणी तशीच राहू द्यावी. जूनमध्ये शाळा उघडली, की मुलांनी आधी तारीख वाचावी आणि मग वेलीची पाने मोजावीत.